तुसाचा कोळसा, बोडीचं पाणी आणि राखेचा हिशेब

पार्श्वभूमी

गोंदिया-भंडारा पट्ट्यातलं एक गाव. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. गावाला एक मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातला, तलाव आहे आणि वस्तीला लागून एक बोडी. या भागातले तलाव कोहळी समाजातल्या लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले, आणि उतार कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा नीट कळत होतं. बोडी म्हणजे त्यांचं धाकटं रूप: पावसाचं पाणी अडवायचं, खालच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांना, गरजेपुरतं सोडायचं, मधल्या काळात मासे आणि शिंगाडा.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावात सिमेंटच्या नाल्या झाल्या. पूर्वी न्हाणीचं पाणी परसात जिरायचं. आता ते नालीतून थेट बोडीत येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बोडीचं पाणी हिरवंगार होऊ लागलं, पहाटे मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसू लागले. मासेमारी करणाऱ्या ढीवर कुटुंबांनी ग्रामसभेत विषय काढला. कारण सर्वांना साधारण माहीत होतं. साबणाचं, भांडी घासल्याचं, गोठे धुतल्याचं पाणी फॉस्फरस घेऊन येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते रात्री ऑक्सिजन खातं आणि सडताना आणखी खातं. साचलेल्या पाण्यात लिटरमागे ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की सरोवरांचे अभ्यासक ते अतिपोषित धरतात. नालीच्या पाण्यात तो काही मिलिग्रॅम असतो, म्हणजे जवळपास शंभरपट.

गावातल्या एका बचत गटाने त्याआधी बायोचारचं, म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेल्या कोळशाचं, प्रशिक्षण घेतलं होतं. राइस मिलमधून धानाचं तूस आणायचं, ड्रममध्ये वरून पेटवायचं, हवा कमी ठेवायची आणि राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायचं. पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) वाफ्यात घालायला त्यांनी तो वापरलाही होता. प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं की बायोचार पाणीही शुद्ध करतो. मग नालीच्या तोंडाशी बायोचारचा ड्रम का लावू नये, असा विचार गटात निघाला. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. गटातल्या एका ताईंचा मुलगा माझा विद्यार्थी होता, म्हणून मला बोलावणं आलं.

माझ्याकडून पहिली चूक तिथेच झाली. ‘बायोचार शोषतो’ हे वाक्य मीही न तपासता मान्य केलं. सक्रिय कोळसा वास आणि रंग ओढून घेतो हे वर्षानुवर्षं शिकवत आल्यामुळे डोक्यात कोळसा म्हणजे कार्बन आणि भोकं, एवढंच चित्र होतं. कोळशात राख किती आणि ती कशाची, हा प्रश्न मला सुचला नाही.

पहिला निर्णय: काळी राख की कोळसा?

काम सुरू होण्याआधीच एक फाटा आला. जवळच्या मिलमध्ये उसना तांदूळ होतो. धान उकडायला लागणारी वाफ तुसावरच तयार होते, आणि बॉयलरची काळी राख मिलवाल्याला नकोशीच असते. त्याने ट्रॉलीभर फुकट देऊ केली. काळी दिसते, हलकी आहे, भाजलेली आहे. मग वेगळा कोळसा करण्याची मेहनत कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि उत्तर शोधताना मला राखेचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडावा लागला. १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघतं. त्या तुसात पाचवा हिस्सा, म्हणजे ४ किलोच्या आसपास, न जळणारं खनिज असतं. त्यातही ८५ ते ९५ टक्के सिलिका, उरलेल्यात पोटॅश, चुना, मॅग्नेशिया आणि थोडा फॉस्फेट. ड्रममध्ये नीट भाजलं तर २० किलो तुसाचा साधारण ८ किलो कोळसा मिळतो. खनिज कुठे उडून जात नाही. म्हणजे त्या ८ किलोत ४ किलो राखच आहे! आंतरराष्ट्रीय बायोचार संस्थेच्या वर्गवारीत ६० टक्क्यांहून जास्त सेंद्रिय कार्बन असलेला पहिल्या वर्गात, ३० ते ६० चा दुसऱ्या आणि १० ते ३० चा तिसऱ्या वर्गात बसतो. तुसाचा कोळसा दुसऱ्यात बसतो. बाभळीच्या लाकडाचा पहिल्यात जाईल, कारण लाकडात राख मुळातच दीड-दोन टक्के.

बॉयलरच्या राखेत कार्बन बहुतेक जळून गेलेला असतो. उरते ती सिलिका, आणि तिच्यात आणखी एक धोका आहे. साधारण ७०० अंशांच्या खाली तुसातली सिलिका अस्फटिक राहते. ती पाण्यात आणि मातीत हळूहळू विरघळते. भट्टी त्याहून बरीच तापली आणि बराच वेळ तापत राहिली की तिचे स्फटिक बनू लागतात. हा स्फटिकी धुरळा फुप्फुसाला वाईट. दगडफोडीच्या कामगारांना होणारा सिलिकोसिस अशाच धुरळ्याचा. बायका तोंडाला पदर लावून ही राख चाळणार होत्या. राख नको, कोळसाच करायचा, असं ठरलं. तो ओला करूनच हाताळायचा, हेही तेव्हाच ठरलं. या प्रकरणात सुरुवातीलाच बरोबर घेतलेला निर्णय एवढा एकच.

अडचण

आठ घरांच्या नालीचा एक फाटा निवडला. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, तळाला गिट्टी, वर रेती, त्यावर तुसाचा कोळसा, तळाशी नळ. शेजारी तसाच दुसरा ड्रम, त्यात नुसती गिट्टी-रेती. हा दुसरा ड्रम माझ्या विद्यार्थ्याच्या हट्टापायी लागला. मी म्हटलं होतं, कशाला उगाच खर्च. तो नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं.

फॉस्फेट तपासायला किट होतं. पाण्यात थेंब टाकायचे, निळा रंग येतो. जितका गडद तितका फॉस्फेट जास्त. पहिल्या आठवड्यात बाटल्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. नालीचं पाणी निळं. रेतीच्या ड्रममधलं जवळपास तेवढंच. कोळशाच्या ड्रममधलं स्पष्ट गडद.

गटाच्या अध्यक्ष ताई बाटली उजेडात धरून म्हणाल्या, “सर, हे तर आधीपेक्षा जास्त निळं होऊन राहिलं. पाणी साफ करतंय का घाण करतंय हे?”

मी त्या दिवशी ‘बघतो’ म्हणून निघून आलो.

नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन गोष्टी उलगडल्या. एक, कोळशाचा पृष्ठभाग पाण्यात ऋण प्रभाराचा असतो. फॉस्फेटही ऋणच. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. शिसं, कॅडमियम, अमोनियम यांसारख्या धन आयनांना हाच पृष्ठभाग धरून ठेवतो, म्हणून ‘बायोचार शोषतो’ हे वाक्य अर्धं खरं ठरतं. दोन, तुसाच्या राखेतलं पोटॅश आणि थोडा फॉस्फेट विद्राव्य रूपात असतो. ड्रममधून पहिलं पाणी गेलं की तो सुटतो. आम्ही बोडीला फॉस्फेटचा फिल्टर नव्हे, हलकासा खताचा डोस दिला होता.

तिसरी गोष्ट जास्त मजेची. किटमधलं मॉलिब्डेट फॉस्फेटशी निळा रंग देतं, पण आम्लता कमी पडली किंवा पाणी गरम असलं तर विरघळलेल्या सिलिकेशीही देतं. आणि आम्ही मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या ओट्यावर, सिलिकेने भरलेल्या कोळशातून आलेलं पाणी तपासत होतो. प्रयोगशाळेत आम्लता वाढवून, सिलिकेचा रंग येऊ न देता मोजलं तेव्हा वाढ बरीच लहान निघाली. पण वाढ होतीच. किट खोटं बोलत नव्हतं, फक्त वाढवून सांगत होतं.

पर्याय

गटाची बैठक समाजमंदिरात झाली. मी फळ्यावर पर्याय लिहिले. लिहिताना लक्षात आलं की त्यातला जवळपास प्रत्येक पर्याय खनिजाबद्दल होता, कार्बनबद्दल एकही नव्हता.

कोळसा धुऊन घेणं सर्वांत स्वस्त. दोन-तीन पाण्यांत विद्राव्य पोटॅश-फॉस्फेट निघून जातो. पण त्याने फक्त नुकसान थांबतं. फॉस्फेट धरून ठेवणारं काही त्यात येत नाही.

चुना मिसळणं हा दुसरा. कॅल्शियम फॉस्फेटला साका करून खाली बसवतं, पण त्यासाठी पाण्याचा पीएच ९ च्या वर न्यावा लागतो. खाली मासे आहेत. पीएच ८ वरून ९ वर गेला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा कित्येक पटींनी वाढतो. गोठ्याचं पाणी येणाऱ्या नालीत अमोनिया असणारच. मासेमार सोसायटीचे एक बुजुर्ग नुसतं ‘चुना’ ऐकूनच नाही म्हणाले. पूर्वी कुणीतरी बोडीत चुन्याचं पोतं रिकामं केलं होतं आणि मासे उलटे पडले होते, ते त्यांना आठवत होतं. त्यांचं कारण आणि माझं कारण एकच होतं, भाषा वेगळी.

मॅग्नेशियम माझ्या आवडीचा पर्याय होता. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की साखरेच्या बीटचा चोथा आधी बायोगॅसच्या टाकीत कुजवून मग त्याचा कोळसा केला, तर तो फॉस्फेट चांगला ओढतो. कारण शोधलं तेव्हा कोळशाच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सापडले. म्हणजे तिथेही काम खनिजाचं. पण आमच्या तुसात मॅग्नेशियम नगण्य. कृषी केंद्रात मिळतं ते मॅग्नेशियम सल्फेट, आणि ते फुटून ऑक्साइड व्हायला हजार अंशांच्या वर तापमान लागतं. क्लोराइड कमी तापमानाला फुटतं, पण फुटताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. अंगणातल्या ड्रममध्ये हे करायचं नव्हतं.

लोखंड उरलं. गंजाच्या जातीचे ऑक्साइड फॉस्फेटला घट्ट धरतात, आणि नालीच्या पाण्याच्या नेहमीच्या पीएचलाच धरतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कृषी केंद्रात किलोच्या भावाने मिळतं आणि त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा लोखंड असतं.

आणखी एक पर्याय अध्यक्ष ताईंनी मांडला, जो माझ्या यादीत नव्हता. “लोखंडच काम करते तर कोळसा कशाला? रेतीलाच गंज चढवू.” मी जरा अडखळलो. खरं उत्तर असं होतं की फॉस्फेट पकडण्यापुरतं बोलायचं तर लोखंड बैल आहे आणि कोळसा बंडी. कोळसा हलका असतो, त्याच्या खडबडीत अंगावर लोखंडाचा पातळ थर पसरतो, पाणी त्यातून सहज झिरपतं. आणि काम संपल्यावर तो बांधीत टाकता येतो, गंजलेली रेती टाकता येत नाही. या शेवटच्या कारणासाठी कोळसा ठेवला. दुसरं काही न करता नाली शोषखड्ड्यात वळवावी, असंही एकाने सुचवलं. त्यावर ‘नंतर बघू’ असं ठरलं. या ‘नंतर बघू’कडे पुढे परत यावं लागेल.

काय केलं

आधी तूस हिराकसच्या पाण्यात भिजवून, वाळवून मग भाजायचं ठरवलं. कल्पना अगदीच अडाणी नव्हती. भाजण्याआधी घातलेलं खनिज कोळसा कसा बनतो हेच बदलतं. एडिंबरा विद्यापीठातल्या एका गटाने २०१९ मध्ये मिस्कॅन्थस नावाच्या उंच गवतात थोडं पोटॅशियम घालून भाजलं, तर कार्बन टिकवून ठेवण्याची क्षमता ४५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं मांडलं होतं. पण मी एक गोष्ट विसरलो होतो. हिराकस हे सल्फेट आहे. तापलेल्या कोळशाच्या संगतीत सल्फेट फुटतं आणि गंधकाचा वायू निघतो. दहा मिनिटांत अंगणभर ठसका. पोरं खोकत बाहेर पळाली, शेजारच्या काकूंनी भिंतीवरून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाणी ओतून ड्रम विझवला.

मग क्रम उलटा केला. तूस साधंच भाजलं. कोळसा दोन पाण्यांनी धुतला, आणि ते धुवण परसातल्या भाजीला घातलं, कारण त्यात पोटॅश होतं. १० किलो कोळशाला अडीच किलो हिराकस, म्हणजे अर्धा किलो लोखंड, कोळशाच्या ५ टक्के. ते पाण्यात विरघळवून कोळसा रात्रभर भिजवला. सकाळी पाऊण किलोला थोडा कमी असा विझवलेला चुना पाण्यात कालवून हळूहळू घालत ढवळलं. लाकडाचा कोळसा असता तर त्याच्याच राखेच्या क्षाराने लोखंड बऱ्यापैकी खाली बसलं असतं. तुसाची राख सिलिकेची, तिच्यात क्षार कमी, म्हणून चुना बाहेरून द्यावा लागला. आधी गढूळ हिरवा साका आला, ताडपत्रीवर पसरल्यावर हवेने तो दुपारपर्यंत विटकरी झाला. बायकांना हा रंग बदलणं फार आवडलं. पुढच्या घाण्याला मला कुणी विचारलंही नाही, त्यांनीच केला.

ड्रम पुन्हा भरला. चार दिवसांनी बाटल्या ओळीत ठेवल्या: नालीची निळी, रेतीची निळी, लोखंडी कोळशाची जवळपास पांढरी. टाळ्या झाल्या. सरपंचांनी फोटो काढला.

त्या रात्री घरी बसून एक हिशेब केला, जो मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. ड्रममध्ये सुमारे २८ किलो कोळसा, त्यात १.४ किलो लोखंड. गंजाच्या प्रत्येक दहा लोखंड अणूंमागे एक फॉस्फरस अणू धरला जाईल असं मानलं, तर सगळा ड्रम मिळून ७७ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस धरेल. आठ घरांत चाळीस माणसं, माणशी ४० लिटर न्हाणी-भांड्याचं पाणी, लिटरला ३ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर रोज ५ ग्रॅम. म्हणजे ड्रम पंधरा दिवसांचा. गावात अशी घरं दीडशेच्या वर. सगळ्या गावासाठी असे एकोणीस-वीस ड्रम, आणि प्रत्येक दर पंधरा दिवसांनी रिकामा करायचा. शिवाय तुसातली सिलिकाही पाण्यात विरघळून लोखंडावरच्या त्याच जागांसाठी फॉस्फेटशी भांडते, म्हणजे पंधरा हा आकडाही उदारच.

दुसऱ्या दिवशी हे गटाला सांगावं की नाही, यावर मी थोडा घुटमळलो. फोटो निघाला होता, उत्साह होता. सांगितलं. ताई म्हणाल्या, “मग आठ घराचं तरी नीट करू. बाकीचं पाहू.” मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं.

चौथ्या आठवड्यात वास

पंधरा दिवसांनी ड्रम बदलला. दुसऱ्या भरणीच्या आठव्या-नवव्या दिवशी नळातून काळं पाणी आलं, सडक्या अंड्याच्या वासाचं. बाटली तपासली तर फॉस्फेट नालीच्या पाण्याहूनही जास्त.

झालं असं होतं. वरच्या रेतीत साबणाचा आणि अन्नाच्या कणांचा थर बसून पाणी तुंबलं, ड्रम कायम भरलेला राहू लागला. आतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला. तो संपला की ते गंजातल्या लोखंडाकडे वळतात. गंजातल्या फेरिक लोखंडाचं फेरस झालं की ते पाण्यात विरघळतं, आणि त्याने पकडून ठेवलेला फॉस्फेट एकदम मोकळा होतो. लोखंडानंतर पाळी सल्फेटची. सल्फेट आम्हीच आणून दिलं होतं: हिराकस आणि चुना एकत्र आले की गंजाबरोबर जिप्समही बनतं, अडीच किलो हिराकसमागे दीड किलो. आम्ही पहिल्या पाण्यातले क्षार धुतले होते, हे जिप्सम धुतलं नव्हतं. त्या सल्फेटचा सल्फाइड झाला, तो लोखंडाशी मिळून काळा पडला. असं काळं पडलेलं लोखंड फॉस्फेटच्या कामाचं राहत नाही.

बोडीच्या तळाच्या चिखलातही उन्हाळ्यात नेमकं हेच होतं. चिखलात साठलेला जुना फॉस्फरस ऑक्सिजन संपल्यावर सुटतो. आम्ही बोडीचा आजार ड्रममध्ये तयार करून दाखवला होता.

दुरुस्ती सोपी निघाली, रसायनाची नव्हतीच. ड्रम नालीच्या पातळीखाली पुरला होता, तो उचलून विटांच्या ओट्यावर ठेवला, तळाचा नळ कायम उघडा. पाणी वरून पडेल, झिरपेल, मधल्या वेळेत कोळसा हवेवर राहील. आधी एक लहान टाकी, त्यात घाण खाली बसू द्यायची. दोन ड्रम आलटून-पालटून, एक चालू असताना दुसरा दोन दिवस सुकत राहील. आणि लोखंड चढवल्यावर कोळसा तीन पाण्यांनी धुवायचा. त्यानंतर वास आला नाही.

निष्पत्ती

जुलैपर्यंत, म्हणजे रोवणीचं (भातलावणीचं) काम अंगावर येईपर्यंत, आठ घरांचा फाटा चालला. त्या फाट्यापुरतं बाहेर पडणारं पाणी बाटलीत फिकट दिसत राहिलं. बोडी मात्र हिरवीच होती. दीडशेतल्या आठ घरांनी बोडीचा रंग बदलत नाही, आणि पाऊस सुरू झाल्यावर बांध्यांमधून डीएपी खत घेऊन येणारं पाणी नाल्यांपुढे कितीतरी जास्त. रोवणी लागली तशी ड्रमकडे पाहायला कुणाला वेळ उरला नाही. गटाने ते बंद केले. मला वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता.

‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवलेला शोषखड्डा त्या दिवाळीनंतर झाला. आठ घरांच्या परसात खड्डे, भोवती केळी आणि अळू. फॉस्फेट मातीत अडतो, केळी तो खाते. त्या आठ घरांचं पाणी बोडीत येणंच थांबलं. यात बायोचारचा काही संबंध नाही, म्हणून बायोचारच्या लेखात हे सांगणं जरा अवघड जातं.

वापरून झालेला विटकरी कोळसा एका बांधीच्या कोपऱ्यात टाकला. धानाची बांधी पाण्याखाली असते, तिथे ऑक्सिजन नसतो, लोखंड फॉस्फेट सोडतं. ड्रममध्ये ज्या गोष्टीने आमच्या नाकी नऊ आणले, तीच इथे पिकाच्या कामाची. पण एका कोपऱ्यावरून, एका हंगामात, फरक पडला असं म्हणायची माझी तयारी नाही.

टिकलं ते साधा, लोखंड न लावलेला तुसाचा कोळसा. फिल्टरमध्ये ज्या दोन गोष्टी नडल्या, सुटणारं पोटॅश आणि विरघळणारी सिलिका, त्याच पऱ्ह्यांच्या वाफ्यात हव्या असतात. हेक्टरी ५ टन धान देणारं पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलतं. त्यातला मोठा वाटा तनस (पेंढा) आणि तुसात जातो, आणि तूस मिलमध्ये जातं, परत येत नाही. गट आता मिलमधून तूस आणून, कोळसा करून, तो वाफ्यात परत घालतो.

पुन्हा करायचं झालं तर

ड्रम विकत घेण्याआधी एक बादली पुरली असती. मूठभर कोळसा, साधं विहिरीचं पाणी, दोन दिवस. आणि मग त्या पाण्यात काय सुटलं ते बघायचं. कोळसा पाण्यातून काय घेतो हे सगळे तपासतात. तो पाण्याला काय देतो हे आधी तपासलं असतं तर महिना वाचला असता.

थोडा कोळसा मातीच्या पणतीत लाल होईपर्यंत उघड्यावर जाळून उरलेली राख तोलायची, हेही घरी जमतं. पांढरट, भरपूर राख उरली तर कोळसा सिलिकेचा आहे. थोडी आणि झोंबरी, ओल्या लाल लिटमसला निळं करणारी असेल तर क्षाराची. शिसं किंवा कॅडमियम अडवायचं असेल तर फॉस्फेट आणि कार्बोनेट भरपूर असलेला, म्हणजे शेणाचा कोळसा मी निवडेन. त्यातलं फॉस्फेट शिशाला धरून खाली बसवतं. आम्लाने धुऊन त्याची राख काढून टाकली तर तो गुण बराचसा जातो. फॉस्फेट अडवायचा असेल तर तोच कोळसा सर्वांत वाईट.

फॉस्फरसचा रोजचा हिशेब मी पहिल्या बैठकीतच फळ्यावर मांडेन, पर्यायांच्या आधी. तो मांडला असता तर शोषखड्डा ‘नंतर’च्या रकान्यात गेला नसता. हिराकसऐवजी फेरिक क्लोराइड वापरावं का, हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे. सल्फेट टळलं असतं, पण ते महाग, हाताला झोंबणारं आणि गावात न मिळणारं. ड्रम उघडा ठेवून सल्फेट नीट धुतलं तर हिराकस चालतं असं आता वाटतं.

आणि रेतीचा तो दुसरा ड्रम. त्याचा हट्ट धरणाऱ्या विद्यार्थ्याने आता तालुक्यात माती-पाणी तपासणीचं छोटं दुकान टाकलं आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो, तर काउंटरवर तीन बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या, दोन निळ्या, मधली पांढरी.